नळी, जवाईबापूंच्या शुभहस्ते

माणसाच्या शरीरावर ज्याचा त्याचा हक्क असतो, असा एक समज मोठ्या शहरांतून बराच रूढ आहे. तो खोटा आहे असं म्हणवत नाही, पण तो पसरवणारी माणसं फारशी आजारी पडलेली नसावीत. नेरसारख्या तालुक्याच्या गावी शरीर धडधाकट आहे तोवरच ते खाजगी मालकीचं असतं. एकदा त्याला नळी लागली की ते सार्वजनिक मालमत्तेत जमा होतं, आणि सार्वजनिक मालमत्तेला जे जे लागू असतं (पाहणी, सूचना, विलंब, उद्घाटन) ते सगळं त्यालाही लागू होतं. यात कोणाचा दोष नाही. उलट, माणसाला क्षणभरही एकटं न सोडण्याची जी व्यवस्था आपल्याकडे आहे, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

सदाशिवराव गावंडे या व्यवस्थेत दाखल झाले ते ऐन मे महिन्यात. सदाशिवराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नेरच्या बसस्थानकावर खिडकीआड बसून, माइक तोंडाशी धरून, त्यांनी अख्खी नोकरी दुसऱ्यांना वेळेवर सोडण्यात घालवली (वेळ महामंडळाची धरावी). निवृत्त झाल्यावर मात्र त्यांची स्वतःचीच वाहतूक तुंबायला लागली. सारखं उठायचं, मोरीत जाऊन उभं राहायचं, आणि गाडी काही लागायची नाही. प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी, जी सुपारीएवढी असावी असा नियम आहे, ती त्यांच्यात चांगली लिंबाएवढी झाली होती. यवतमाळच्या एका दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं. सदाशिवराव लघवीची नळी आणि तिच्या टोकाला लोंबणारी पिशवी घेऊन घरी आले.

सुट्टी देताना डॉक्टरांनी एक फार बेजबाबदार गोष्ट केली. त्यांनी पेशंटला सगळं समजावून सांगितलं. नळी आत एका छोट्या फुग्यानं अडकून बसलेली असते आणि फुग्यात पाणी असतं. बाहेर नळीला दोन तोंडं असतात. एक पिशवीला जोडलेलं, दुसरं रंगीत टोपणाचं. त्या दुसऱ्या तोंडाला बिनसुईची सिरिंज लावायची, सगळं पाणी काढून घ्यायचं, फुगा बसला की नळी हळूच बाहेर घ्यायची. पाणी पूर्ण निघाल्याशिवाय ओढायची नाही, कुठं कापायची नाही, आणि पाणी येतच नसेल तर जोर न करता सरळ दवाखाना गाठायचा. नेरहून एवढ्या उन्हात एवढ्याशा कामाला येण्याची गरज नाही, पुढच्या सोमवारी घरीच काढा, असं ते म्हणाले. आणि काढायची ती सकाळीच, म्हणजे दिवसभर पाणी पिऊन लघवी होते की नाही ते कळतं. नाहीच झाली तर संध्याकाळच्या आत या, पुन्हा नळी टाकू.

त्यांच्या हिशेबानं या सगळ्याला चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. हा अंदाज वैद्यकीय होता. सामाजिक अंदाज त्यांच्या अभ्यासक्रमात नसावा.

सदाशिवराव घरी आले त्याच दिवसापासून लोक भेटायला येऊ लागले. आजाऱ्याला भेटायला जाण्याची नेरमध्ये एक ठरलेली कार्यपद्धती आहे. आलेल्या माणसानं बिस्किटाचा पुडा किंवा मोसमाप्रमाणे टरबूज आणावं, खुर्चीवर बसावं, प्रथम पिशवीकडे बघावं आणि मग पेशंटकडे. आलेल्यांपैकी अदमासे सत्तर टक्के लोकांनी पिशवीतल्या रंगावर मत दिलं. वीस टक्के लोकांनी आपल्या नात्यातल्या अशाच एका पेशंटची हकिकत सांगितली (त्यातले निम्मे पेशंट हयात नव्हते). उरलेल्या दहा टक्क्यांनी सदाशिवरावांना, कसं वाटतं, असं विचारलं, पण उत्तराला थांबले नाहीत. सदाशिवरावांनी पिशवीवर टॉवेल टाकून पाहिला. लोक तो अदबीनं उचलून बघत आणि पुन्हा नीट घडी करून ठेवत. मग कोकिळाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ब्लाउजपीसची एक छान फुलाफुलांची खोळ शिवून पिशवीला घातली. त्यामुळे एवढंच झालं की बायका आधी शिवणीचं कौतुक करू लागल्या आणि मग आतला रंग विचारू लागल्या.

या सगळ्यांत नित्यनेमानं येणारे गृहस्थ म्हणजे शेजारचे देवीलाल. त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण खरा जीव सूत्रसंचालनात. गल्लीतला कोणताही कार्यक्रम, बारशापासून तेरवीपर्यंत, देवीलालांच्या माइकवाचून पार पडत नसे. माइक त्यांचा स्वतःचा होता. शिवाय त्यांच्या काकांना कधीकाळी अशीच नळी लागली होती, त्यामुळे या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

सदाशिवराव पडल्या पडल्या सगळं ऐकून घेत. त्यांची इच्छा एकच होती. ती नळी निघावी, मोरीचं दार आतून लावावं, आणि कोणी न बघता, कोणी न विचारता, एकदा आपलं आपण मोकळं व्हावं. जन्मभर गर्दीत बसलेल्या माणसाला एवढाच एकांत हवा होता. आणि भीतीही एकच होती, की नळी निघेल आणि तरी होणार नाही, आणि पुन्हा ती नळी, पुन्हा ते टॉवेल उचलणं.  ते कोणाला बोलले नाहीत, पण कोकिळाबाईंना न बोलता कळत होतं.

आता त्यांच्या हातून जी चूक झाली, ती चूक म्हणता येणार नाही, कारण ती सभ्यपणातून झाली. त्यांनी जावयाला फोन केला.

जावई इंद्रजितराव, मुक्काम उमरखेड, कृषी केंद्राचे मालक. माणूस मनानं निर्मळ, मेहनती, पण मानाच्या बाबतीत हळवा. गावंडे यांच्या अंगणातल्या बोअरला पाणी लागलं तेव्हा नारळ देवीलालांच्या हातून फुटला, आणि तोही घरचा जावई शेजारी उभा असताना. इंद्रजितराव त्या दिवशी ताटातला फक्त पापड खाऊन उठले. त्याचा त्रास नयनला, म्हणजे सदाशिवरावांच्या मुलीला, उमरखेडला होत राहिला. शिवीगाळ नाही, आदळआपट नाही, नुसतं जेवताना एखाद्या वेळी थंडपणे "तुमच्या घरचं बोअर" एवढंच म्हणायचं. नयन माहेरी आली की मोकळेपणी हसायचीसुद्धा नाही. सदाशिवरावांना ते सलायचं.

म्हणून फोनवर ते जावयाला म्हणाले, "जवाईबापू, सोमवारी नळी काढाची हाय. आता तुमच्याच हातानं होऊन जाऊ द्या."

आपल्याकडे असं म्हणायची रीत आहे, आणि त्यावर समोरच्यानं काय म्हणायचं हेही ठरलेलं आहे. समोरच्यानं, छे छे मामाजी, तुमी उरकून घ्या, आमी मागून येतोच, असं म्हणावं. हजारो कार्यं या एका देवाणघेवाणीवर सुरळीत पार पडतात. पण इंद्रजितरावांनी ते शब्दशः घेतलं. मग घसा साफ करून म्हणाले, "मामाजी, तुमी एवढ्या मानानं म्हणता, तं मी येतोच. मी आल्याबिगर नळीले हात लावू नका."

फोन ठेवल्यावर सदाशिवरावांनी कोकिळाबाईंकडे पाहिलं. त्यांनी आधीच कपाळाला हात लावला होता.

सोमवार उजाडला तेव्हा इंद्रजितरावांकडे बियाण्याची गाडी उतरत होती, त्यामुळे कार्यक्रम बुधवारवर गेला. बुधवारी उमरखेडमध्ये लग्नाची तिथी दाट होती, त्यामुळे तो शुक्रवारवर गेला. एखादी गोष्ट पुढे ढकलली की तिला आपोआप महत्त्व येतं, हा सर्वमान्य नियम आहे. सोमवारी ज्या कामाला एक सिरिंज पुरणार होती, त्याला बुधवारपर्यंत सतरंजी, शाल आणि श्रीफळ लागू लागलं, आणि शुक्रवारपर्यंत मांडववाल्याकडच्या खुर्च्या. देवीलालांनी गल्लीच्या ग्रुपवर 'नळी विमोचन सोहळा' असा मजकूर टाकला. सोबत पिशवीचा फोटो टाकण्याचा त्यांचा विचार कोकिळाबाईंनी हाणून पाडला, म्हणून सदाशिवरावांचा जुना, गणवेशातला, शिट्टीसह असलेला फोटो टाकण्यात आला. खाली लिहिलं होतं, 'शुभहस्ते : जवाईबापू इंद्रजितराव, उमरखेड.' त्याला अंगठे आणि हात जोडलेली चित्रं भरभरून आली. एकानं गैरसमजातून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्याला समज देण्यात आली.

मधल्या काळात डॉक्टरांचा फोन आला. नळी अजून आतच आहे हे ऐकून ते खवळले. जास्त राहिली तर जंतू होतील, ताप येईल, ही काय शोभेची वस्तू आहे का, असं त्यांनी विचारलं. सदाशिवराव अडखळत म्हणाले की जावई यायचे आहेत. डॉक्टरांना वाटलं जावई सर्जन असतील. तसं नाही, त्यांचं कृषी केंद्र आहे, असं सांगावं लागलं. मग ते एवढंच म्हणाले, "शुक्रवार. सकाळी. त्याच्यापुढं एक दिवस नाही." वैद्यकशास्त्र बरंच पुढं गेलं असलं तरी त्यात जावयासाठी तरतूद अजून झालेली नाही.

शुक्रवारी सकाळी इंद्रजितरावांचा फोन आला. दुकानावर गिऱ्हाईक आहे, दुपार टळल्यावर निघतो, दिवस कलता कलता पोचतो. सगळे जमवून ठेवा.

सदाशिवरावांनी फोन ठेवला आणि वाहतूक नियंत्रकाच्या डोक्यानं विचार केला. दिवस कलता नळी निघणार. त्यानंतर लघवी झाली तर ठीक. नाही झाली तर अंधारात पोट फुगवून यवतमाळ गाठायचं. डॉक्टरांनी सकाळ सांगितली होती ती उगीच नाही. नोकरीभर त्यांनी कितीतरी गाड्या कोणा ना कोणा साहेबासाठी थांबवून ठेवल्या होत्या, आणि आतले उतारू उन्हात कसे उकडतात ते खिडकीआडून पाहिलं होतं. आज आत ते स्वतःच बसले होते.

त्यांनी साबणानं हात धुतले, सिरिंजचं पाकीट घेतलं आणि मोरीचं दार आतून लावलं. कोकिळाबाई बाहेर कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या उठून दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

आत सदाशिवराव स्टुलावर टेकले. रंगीत तोंडाला सिरिंज लावली. पाणी जवळजवळ आपण होऊनच सिरिंजमध्ये येऊ लागलं, जसं काही तेही कंटाळलेलं होतं. ते थांबलं तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा ओढून खात्री करून घेतली, मोठा श्वास घेतला आणि नळी हळूच बाहेर घेतली. थोडी आग झाली. मग ती हातात होती. गल्लीनं जिच्यावर एवढी चर्चा केली ती वस्तू अशी सहज निघून आलेली पाहून त्यांना क्षणभर अपमान झाल्यासारखं वाटलं.

मग ते बाहेर येऊन पाणी प्यायले, अंगणात येरझाऱ्या घातल्या, पुन्हा पाणी प्यायले. कोकिळाबाईंनी ताक दिलं. उन्हं चढू लागली.  आणि मग, पोळ्या होत आल्या तेव्हा, त्यांना लागली. ते मोरीत गेले, दार लावलं, भिंतीवर हात टेकून उभे राहिले आणि डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग थोडी आग, एक थेंब, आणि मग धार. साधी, बारीक, मध्येच तुटणारी, पण त्यांची स्वतःची. सदाशिवरावांना त्या क्षणी इतका आनंद झाला की तेवढा निवृत्तीच्या निरोपालाही झाला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

"झाली?" दाराबाहेरून कोकिळाबाईंनी विचारलं.

"झाली."

बाहेर नाक ओढल्याचा आवाज आला. मग कोकिळाबाई म्हणाल्या, "पोळी करपली माही." पण त्या हसत होत्या.

दुपारपर्यंत सदाशिवराव आणखी काही वेळा मोकळे होऊन आले. प्रत्येक वेळी धार सुधारत होती आणि आग कमी होत होती. जेवण करून ते आडवे झाले आणि तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गल्लीत खुर्च्या लागत होत्या. देवीलाल माइकवर हॅलो हॅलो करत होते. आणि उमरखेडहून निघालेल्या गाडीत जावई शुभहस्त घेऊन बसले होते.

"आता काय सांगाचं जवाईले?" ते उठून बसले.

कोकिळाबाईंना वाटलं सरळ सांगून टाकावं. मग दोघांनाही नयनचं तोंड आठवलं. बोअरचं प्रकरण अजून शमलं नव्हतं, त्यात आता नळीची भर पडली तर पोरीला जन्मभर दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या असत्या.  मग मोरीत जाऊन कोकिळाबाईंनी धुऊन ठेवलेली नळी आणली.

"नळी तं हाय ना घरात," त्या म्हणाल्या. "मंग काढू द्या त्याईले."

मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत काम आधी आणि उद्घाटन नंतर, ही पद्धत सरकारमान्य आहे. गावंडे पतीपत्नींनी तिचा अवलंब केला एवढंच. नळीचा फुगा माठातल्या पाण्यानं पुन्हा भरला. तिचं आतलं टोक आता आत न जाता लुंगीखाली मांडीवर चिकटपट्टीनं बसवण्यात आलं. पिशवीत काय भरावं हा प्रश्न नाजूक होता, कारण रंगाच्या बाबतीत गल्लीचा अभ्यास दांडगा होता. कोकिळाबाईंनी कोरा चहा करून तो पाणी घालत घालत उजेडात धरून जुळवला आणि फुलाफुलांची खोळ पुन्हा घातली. सदाशिवराव पांघरूण घेऊन पलंगावर टेकून बसले. चेहऱ्यावर वेदना आणण्याचा त्यांनी सराव केला, पण चेहरा सारखा हसू फुटल्यासारखा होत होता.

दिवस कलताना गाडी आली. इंद्रजितराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उतरले. मागोमाग नयन, डोक्यावर पदर आणि तोंडावर काळजी. इंद्रजितरावांनी स्वतःच्या दुकानातले फवारणीचे हातमोजे आणले होते, कोपरापर्यंत येणारे, हिरवे. स्वच्छतेबाबत ते तडजोड करत नसत. देवीलालांनी सत्कार पुकारला, शाल झाली, श्रीफळ झालं, मनोगताचा आग्रह झाला. इंद्रजितराव म्हणाले की मामाजींनी आपल्याला हा मान दिला, एवढा विश्वास कोणी मुलावरही टाकत नाही, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खरोखर दाटून आला. सदाशिवरावांना वाईट वाटलं. त्यांनी मान खाली घातली. पाहणाऱ्यांना ते दुखणं वाटलं.

देवीलालांनी खोळ सरकवून पिशवीची अंतिम पाहणी केली आणि माइकवरून जाहीर केलं की आजच्यासारखा उत्तम रंग ऑपरेशन झाल्यापासून आला नव्हता.

मग इंद्रजितरावांनी सिरिंज लावली. सगळ्या गल्लीनं श्वास रोखला. माठातलं पाणी सिरिंजमध्ये आलं, ते त्यांनी उजेडात धरून सगळ्यांना दाखवलं, आणि लोकांनी समाधानानं माना हलवल्या. मग हिरव्या हातमोज्यांनी त्यांनी नळी धरली, डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं आणि ओढली. चिकटपट्टीबरोबर सदाशिवरावांच्या मांडीवरचे केस आले. त्यांच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती इतकी अस्सल होती की पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. नळीच्या टोकाला ती पांढरी पट्टी लटकत होती. ती काय म्हणून एकानं विचारलं. देवीलाल म्हणाले की ती आतलीच असते, त्यांच्या काकांचीही तशीच होती. टाळ्या झाल्या.

कार्यक्रम इथे संपला असता तर बरं झालं असतं. पण डॉक्टरांचं पुढचं वाक्य आतापर्यंत सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं. आता लघवी झाली पाहिजे.

लोक हलेनात. चहा आला, टरबूज कापलं गेलं, आणि सगळे खुर्च्या मोरीच्या दिशेनं वळवून बसले. खरी अडचण अशी होती की गाडी दारात लागायच्या आधीच सदाशिवराव पूर्ण रिकामे होऊन आले होते. त्यांना टरबूज भरवण्यात आलं, पाणी पाजण्यात आलं, पण शरीराला त्याचा वेळ लागतो आणि गल्लीला घाई होती. "झाली का?" असं पहिल्यांदा उत्सुकतेनं विचारलं गेलं, मग काळजीनं, मग ज्या स्वरात विचारलं गेलं तो तेरवीच्या स्वराच्या फार लांब नव्हता. आपल्या नातेवाइकांच्या हकिकती सांगणारे आता हयात नसलेल्यांच्याच सांगू लागले.

इंद्रजितरावांचा चेहरा उतरला होता. ते पलंगाशी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मामाजी, माह्या हातानं काही चुकलं का?"

 मागे दाराशी नयन उभी होती. तिनं ओठ घट्ट मिटले होते.

"नाई, जवाईबापू," ते म्हणाले. "तुमचा हात लय हलका हाय."

पण इंद्रजितराव उठले, हातमोजे काढले आणि गाडीची किल्ली घेतली. वाट पाहण्यात अर्थ नाही, यवतमाळला जाऊ, डॉक्टर पुन्हा नळी टाकतील, असं ते ठामपणे म्हणाले. दोघंतिघं उचलायला पुढे झाले.  सकाळी सदाशिवरावांनी जे बाहेर काढलं होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सगळ्यांच्या प्रेमापोटी, परत आत जाणार होतं.

"थांबा. मले वाटून राह्यलं, होते आता," ते म्हणाले आणि मोरीत शिरले.

दार लावलं. बाहेर गल्ली चिडीचूप झाली. त्यांनी प्रयत्न केला. काही नाही. एवढे कान दाराला लागलेले असताना निरोगी माणसाचीही होणार नाही, मग त्यांचं काय. तेवढ्यात बाहेर घरघरणारा कूलर एकाएकी बंद झाला. तो कोकिळाबाईंनी बंद केला होता. मग त्यांचा आवाज आला, अगदी साधा, रोजचा.

"अवो, लोटा भरून ठेवला हाय तिथं."

सदाशिवरावांनी लोट्याकडे पाहिलं. त्यांनी तो उचलला, योग्य उंचीवर धरला, आणि कडेनं बारीक धार सोडली. अस्सलपणासाठी मध्ये थोडं थांबले. पुन्हा सोडली. शेवटी दोनचार तुटक थेंब सोडले, कारण या वयात तसंच असतं.

"झाली," देवीलाल माइकवरून म्हणाले. गल्लीत टाळ्या वाजल्या. कोणीतरी फटाक्याची लड आणायला पळालं. इंद्रजितरावांनी भिंतीला डोकं टेकून डोळे पुसले. नयननं ते पाहिलं, ती त्यांच्या जवळ गेली, आणि त्यांचा हिरवा हातमोजा अजून शालीत अडकलेला दिसला तशी एकदम खळखळून हसली. तेही हसले. सदाशिवराव दार उघडून बाहेर आले आणि मुलीचं ते हसणं ऐकत ओल्या पायांनी तिथंच उभे राहिले. त्यांना आता कशाचंच काही वाटत नव्हतं.

यानंतर इंद्रजितरावांची कीर्ती वाढत गेली. उमरखेडला, आणि नेरलाही, ते आता हातगुणाचे मानले जातात. नळी लागलेल्या काही घरांतून त्यांना बोलावणीही येतात, आणि ते हात जोडून म्हणतात की तो मान फक्त मामाजींचा. गल्ली आजही त्या धारेबद्दल आदरानं बोलते. ज्यांनी ज्यांनी ती ऐकली ते सगळे शपथेवर सांगतात की ती खरी होती, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचं काही कारण नाही.

खरी धार मात्र सकाळची. ती मोरीचं दार आतून लावून झाली होती. ती कोणाला सांगायची नाही असं सदाशिवराव आणि कोकिळाबाई यांच्यात ठरलं होतं, आणि दोघांनीही ते आजवर पाळलं आहे. नयनला ती माहीत नाही. जावयाला नाही. देवीलालांना तर नाहीच.

तुम्हांला मात्र ती थेंबासकट माहीत आहे. याचा अर्थ त्या वेळी, पोळी करपत असताना, कोकिळाबाईंच्या शेजारी दाराला कान लावून आणखी कोणीतरी उभं होतं, आणि झाली की नाही हे कळेपर्यंत हललं नाही. तुम्ही गल्लीतल्या लोकांना हसलात तरी हरकत नाही. ते निदान बोलावलेले तरी होते.